पायाखालचं पेडल

"ही बाई हितं असंल तर मी त्या टेबलावर चढणार न्हाई."

अण्णांनी हे माझ्याकडं न बघता सांगितलं, डॉक्टर बागवान मॅडमना. ते स्ट्रेचरवर उठून बसले होते. उजव्या पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बँडेज होतं, त्यातून काळपट ओल वर आलेली, आणि त्या ओलीचा वास सगळ्या खोलीत भरलेला. मी ट्रॉलीवर सुया मांडत होते. मॅडमना वाटलं, म्हातारा घाबरलाय. महानंदा सिस्टर आमच्याकडच्या सगळ्यात अनुभवी आहेत, काळजी करू नका, असं त्या समजावायला लागल्या.

"अनुभव ठावं हाय मला तिचा," अण्णा म्हणाले. "माझ्यावरच घेतलाय तिनं."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. "सिस्टर, तुम्ही ओळखता यांना?"

"हो. माझे वडील आहेत."

दाराशी माझा धाकटा भाऊ शिवानंद उभा होता. त्यानं मान खाली घातली. मॅडमनी हातमोजे काढले आणि आजचं राहू दे म्हणाल्या.

आम्ही जत भागातले. अण्णा वीज खात्यात ऑपरेटर होते, गावाबाहेरच्या सबस्टेशनवर. माझे मिस्टर मल्लिकार्जुन त्याच खात्यात लाइनमन. सगळे त्यांना मल्लू म्हणायचे. हे स्थळ अण्णांनीच आणलेलं. पोरगा कामाला वाघ हाय, माझ्या हाताखाली तयार झालाय, असं ते चारचौघांत सांगायचे. लग्नाला दोन वर्षं होत होती तेव्हा मल्लू खांबावर असताना बंद केलेली लाइन चालू झाली आणि ते जागीच ठार झाले. खांब एका द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजसमोर होता. लाइन चालू करणारा हात अण्णांचा होता.

लाइनवर माणूस चढला की जो चढलाय त्यानं स्वतः 'काम झालं, मी खाली आहे' असं सांगितल्याशिवाय ऑपरेटरनं लाइन चालू करायची नाही, असा नियम. चौकशीत अण्णांनी सांगितलं की मल्लूनं स्वतःच्या मोबाइलवरून सबस्टेशनला फोन केला, काम झालं म्हणून सांगितलं, आणि मग कशाला कोण जाणे परत वर चढला. म्हणजे चूक मेलेल्याची. साहेब लोक ते मान्य करून मोकळे व्हायला निघाले होते. मी उठून सांगितलं, त्यांचा मोबाइल त्या दिवशी घरी राहिला होता. चार्जिंगला लावलेला. दिवसभर माझ्या समोर होता.

फोन आलाच नव्हता, अण्णांनी आपल्या मनानंच लाइन सोडली असं धरलं गेलं, आणि त्यांची नोकरी गेली. त्यांनी गावभर सांगितलं की पोरीनं बापाच्या पोटावर पाय दिला. आईनं माझ्याशी बोलणं सोडलं आणि तशीच वारली. मला मातीला बोलावलंसुद्धा नाही. मी सासूला घेऊन मिरजेला आले, नर्सिंग केलं, ट्रस्टच्या कॅन्सर इस्पितळात लागले. आत्या, म्हणजे माझी सासू गौराक्का, मुलाच्या मागं माझ्याच जवळ राहिली. तिनं माझ्या बापाचं नाव त्या दिवसापासून तोंडातून काढलं नाही. मीही नाही.

मधे नऊ वर्षं गेली होती. त्या सकाळच्या यादीत 'सिद्राम ऐनापुरे' हे नाव मी वाचलं होतं. ड्यूटी बदलून घेता आली नसती असं नाही. मी घेतली नाही. तो म्हातारा कसा दिसतो हे मला बघायचं होतं. पडलेला, गलितगात्र असा बघायचा होता, खरं सांगायचं तर.

त्यांचा कॅन्सर तळपायावरचा काळा डाग म्हणून सुरू झाला होता. दुसऱ्या कुठल्यातरी इस्पितळात टाचेचा तेवढा भाग कापून काढला होता, पण तोच आजार नडगीवर काळ्या गाठी होऊन उगवला. गाठी फुटून वाहत होत्या. त्या सकाळीच मग मॅडमनी बाप-लेकाला समोर बसवून उपचार समजावून सांगितला, तेव्हा मी बाजूलाच उभी होते. त्या म्हणाल्या, कॅन्सरवरचं औषध चांगलं आहे, पण पेशीच्या सालीतून ते आत शिरत नाही, बाहेरच घुटमळतं. गाठीत औषध टोचायचं, लगेच तिथंच सुया रोवून विजेचे अगदी क्षणभराचे झटके द्यायचे. त्यानं सालीला बारीक भोकं पडतात, औषध आत जातं. थोड्या वेळानं भोकं आपोआप बुजतात आणि औषध आतच कोंडलं जातं. मग गाठ वाळून जाते. छाती बिडीनं पोखरलेली असल्यामुळं पूर्ण भूल द्यायची नाही, फक्त कमरेखालचा भाग बधिर करायचा. सुया बसवलेला मुठीएवढा दांडा मॅडमच्या हातात राहणार, आणि झटका सोडायचं पेडल मशीनपाशी सिस्टरच्या पायाखाली.

"म्हंजे हिच्या," अण्णा म्हणाले.

मॅडमनी सांगितलं की हे मशीन चालवायचं शिक्षण आम्हा दोघींनाच दिलंय, आणि दुसरी सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर आहे. ती यायला दीड-दोन महिने.

"माझ्या अंगात वीज सोडनार, आन् बटन हिच्या पायाखाली." अण्णा हसले. ते हसणं मला लहानपणापासून माहीत होतं. त्यानंतर बहुतेक मारायला पट्टा निघायचा. "मॅडम, वीज कुनाला बरं करत न्हाई. आन् ही तर न्हाईच."

"अण्णा," मी म्हणाले, "माझं काही अडलेलं नाही. जा तुम्ही."

ते शिवाच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर उड्या मारत गेले. मला दया आली असं मी म्हणणार नाही.

चार-पाच दिवसांनी शिवा त्यांना रिक्षातून घेऊन आला. एक गाठ रात्रीतून फुटली होती आणि रक्त थांबत नव्हतं. त्यांच्या धोतराला, रिक्षाच्या सीटला, शिवाच्या शर्टाला, सगळ्याला रक्त. मॅडमनी दाबून, टाके घालून ते थांबवलं. मग सरळ सांगितलं की आता दोनच वाटा आहेत, हा उपचार नाहीतर मांडीपासून पाय.

 अण्णा म्हणाले, करा. पण त्यांची अट होती. शिवा आत उभा राहणार. पोरीचा पाय आणि मशीन दोन्हीवर त्याची नजर पाहिजे.

"थिएटरमध्ये नातेवाईक नसतात," मॅडम म्हणाल्या.

"मग पाय कापा."

मॅडमना तो पाय वाचवायचा होता. त्यांनी छोट्या थिएटरमध्ये, गाऊन-टोपी घालून, भिंतीला टेकून उभं राहायच्या बोलीवर शिवाला परवानगी दिली. शिवा मात्र नको म्हणत होता. मला तसलं बघवत नाही, मी बाहेर थांबतो, असं तो दोन-तीनदा म्हणाला. अण्णांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं, आणि तो गाऊन घालायला गेला. मी त्याच्या पाठीमागं नाड्या बांधल्या.  इतक्या वर्षांनी भेटलेला भाऊ, पण तो माझ्याशी काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. त्यानं माझ्यासाठी त्या चौकशीत एक शब्द काढला नव्हता, आणि आपल्या माणसांतलं ते मौन मला अण्णांच्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं होतं.

कमरेतलं इंजेक्शन देऊन झालं. अण्णांना आडवं केलं, छातीवर मॉनिटरच्या तारा लावल्या. पाय बधिर असला तरी झटक्यानं स्नायू आखडतो, पाय उडतो, त्याला घाबरायचं नाही, हे मॅडमनी दोघांना आधी सांगितलं होतं. त्यांनी गाठींमध्ये औषध टोचलं. आता वेळ थोडा होता. औषध गाठीत आहे तोवरच झटके द्यायचे, नाहीतर ते पसरून वाया जातं, आणि ते औषध फुप्फुसांना बाधतं, म्हणून त्या छातीला दुसरा डोस देणं धोक्याचं होतं.

मॅडमनी पहिल्या गाठीत सुया रोवल्या. "सिस्टर, द्या."

मी पेडल दाबलं.

मशीन टकटकलं. पाय टेबलावरून वीतभर उसळला, ताठ झाला, बोटं पसरली, आणि पडला. अण्णांना वेदना नव्हती, पण त्यांनी टेबलाच्या कडा पकडल्या होत्या.

भिंतीकडून आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. शिवा खाली बसला होता, तोंडावर दोन्ही हात घेऊन, आणि हातांच्या आतून काहीतरी बोलत होता. मॅडम म्हणाल्या, यांना कुणीतरी बाहेर न्या. तेव्हा त्यानं हात काढले.

"असाच उडत हुता पाय त्याचा," तो म्हणाला. "खांबावर, पट्ट्याला लटकून. अक्का, असाच."

"शिवा, गप," अण्णा म्हणाले.

"मी हुतो तिथं, अक्का. फोन मी केला."

"गप म्हनतो न्हवं!"

तो गप बसला नाही. ते सगळं एकदम, खालच्या आवाजात, जमिनीकडं बघत त्यानं सांगितलं. त्या दिवसांत तो मल्लूच्या हाताखाली तात्पुरता जात होता, कागदावर त्याचं नाव कुठंच नव्हतं. काम संपत आलं होतं. वरून मल्लूनं हाक दिली, झालं रं, उतरतो. कोल्ड स्टोरेजचा माणूस सारखा कटकट करत होता, माल सडेल म्हणत होता. मल्लू निम्म्या खांबापर्यंत उतरलेला शिवानं बघितला आणि स्टोरेजच्या ऑफिसात जाऊन तिथल्या फोनवरून अण्णांना सांगितलं, काम झालं, सोडा लाइन. अण्णांनी पोराचा आवाज ओळखला आणि मल्लूला फोनवर बोलावलं नाही. तेवढ्यात मल्लूला वरचा एक जोड सैल राहिल्याचं दिसलं असणार. शिवा ऑफिसातून बाहेर आला तेव्हा तो परत वर होता.

मॉनिटर भरभर वाजत होता. अण्णांचे ठोके पळत होते.

माझा पाय पेडलवरच होता. तो काढायला हवा होता की नको, मला कळत नव्हतं. मॅडम माझ्याकडं बघत होत्या. मशीनला हात न लावता, हलक्या आवाजात त्या म्हणाल्या, "महानंदा, औषध गाठीत आहे. मला सहा गाठी अजून करायच्या आहेत. जमेल का, तेवढं सांग. नसेल तर मी पेडल माझ्याकडं ओढते आणि कसंबसं करते."

अण्णांनी मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. मी काय करते, हे त्यांना बघायचं होतं.

"सुया लावा, मॅडम," मी म्हणाले.

वॉर्डबॉय शिवाला बाहेर घेऊन गेला. पुढच्या सगळ्या गाठी आम्ही केल्या. मॅडम 'द्या' म्हणायच्या, मी दाबायचे, पाय उडायचा.  शेवटच्या गाठीच्या वेळी अण्णांनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांच्या कानामागं पाणी ओघळलं होतं. तो घाम असेल किंवा दुसरं काही. मी पुसलं नाही.

त्यांना रिकव्हरीच्या खोलीत हलवल्यावर मी मॅडमना म्हणाले, मला थोडा वेळ द्या. त्यांनी मान हलवली आणि दार ओढून घेतलं.

मी त्यांच्या पायाशी उभी राहिले. पट्टी नवी, पांढरी होती.

"मल्लूवर का घातलंत?" मी विचारलं. "तुम्ही म्हणू शकला असता, माझी चूक झाली. शिवाचं नाव न घेताही म्हणू शकला असता."

"तसं म्हनलो असतो तर इचारलं असतं, फोन कुनाचा आला. स्टोरेजवाल्यांना इचारलं असतं." त्यांचा आवाज कोरडा होता. "चोवीस वर्साचं पोर. तुरुंगात गेलं असतं. मल्लू गेलाच हुता. मेलेल्याला काय फरक पडतो? जित्याला जगायचं असतं."

"मी जिती होते, अण्णा."

त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

"मला लोकांनी काय काय म्हटलं, तुम्हाला ठाऊक आहे. नवऱ्याच्या चुकीनं नवरा मेला, आणि ही बापाला खाऊन बसली. आईनं मला शेवटचं तोंड दाखवलं नाही. आईला माहीत होतं?"

"व्हय."

मी खाटेला अडकवलेला चार्ट काढून घेतला. 

"तू निभावून नेशील, असं वाटलं," ते म्हणाले. "शिवाला जमलं नसतं."

मला वाटतं, त्यांनी हे कौतुक म्हणून सांगितलं होतं. मी चार्टवर त्यांचं ब्लडप्रेशर लिहिलं आणि बाहेर आले.

शिवा जिन्यात बसला होता, अजून त्या हिरव्या गाऊनमध्येच. मला बघून उठला. पाया पडायला वाकला तेव्हा मी मागं सरकले.

"माझ्या पाया पडून काय होणार?" मी त्याला म्हणाले. "आत्याला येऊन सांग. जे मला सांगितलंस ते तिच्यासमोर बसून सांग."

"अण्णा जीव घेतील माझा."

"मग त्यांच्या मागून सांग. पण सांग."

गाठी वाळल्या. दोन-अडीच आठवड्यांत त्यांच्यावर काळ्या खपल्या धरल्या, वास गेला, वाहणं थांबलं. मॅडम खूश होत्या. त्यांनी पायाचे फोटो काढून घेतले. अण्णा चप्पल घालून, काठी टेकत ड्रेसिंगला यायचे, आणि ड्रेसिंग बहुतेक माझ्याच वाट्याला यायचं. मी खपलीखाली नवी कातडी आलीय का बघायचे, पट्टी बांधायचे, पुढची तारीख सांगायचे. ते "बरं" म्हणायचे. त्यापलीकडं आम्ही बोललो नाही. शिवाला बरोबर आणणं त्यांनी बंद केलं होतं. एकदा बाकावरच्या कुणा पेशंटला ते सांगत होते की ह्या मशीननं माझा पाय वाचवला, लई भारी मशीन हाय. मशीनचं त्यांनी पुष्कळ कौतुक केलं.

पुढच्या वर्षी आजार फुप्फुसांत उतरला. तिथं सुया पोचत नाहीत. ते गावातच वारले, दोन्ही पायांनिशी. मातीला मी गेले. शिवानं बोलावलं होतं. आत्याला मी अण्णा गेल्याचं तेवढं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, तुझा बाप आहे, तू जा, मला त्यात ओढू नकोस.

अण्णांचे दिवस झाल्यावर एका सकाळी शिवा आमच्या दारात उभा राहिला. डोकं भादरलेलं, हातात काही नाही. आत्या शेंगा फोडत बसली होती. तिनं त्याला ओळखलं, पण ये म्हटलं नाही. तो आपणहून आत आला आणि तिच्यासमोर खाली बसला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मधे पडायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्यानं पहिल्यापासून सांगितलं, थिएटरमध्ये सांगितलं होतं त्याहून सावकाश. फोन कुणी केला, कुठून केला, अण्णा चौकशीत काय बोलले आणि का. आत्या शेंगा फोडत राहिली. टरफलं एका बाजूला, दाणे सुपात. त्याचं सांगून संपलं तरी ती फोडतच होती. मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नसेल.

मग तिनं हात थांबवला.

"त्या दिवशी सकाळी तो न खाता गेला हुता," ती म्हणाली. "माझ्यावर रागावून. भाकरी थापत हुते, थांब म्हनलं तर थांबला न्हाई. दुपारी जेवला हुता का?"

शिवाला आधी प्रश्न कळलाच नाही. कळल्यावर त्यानं पहिल्यांदाच मान वर केली.

"जेवला," तो म्हणाला. "माझ्या डब्यातलं. दोघं एकाच डब्यात जेवलो, खांबाच्या सावलीला. भाकरी आन् शेंगाची चटणी. म्हनला, आमच्या आईच्या हातची चटणी हिच्यापरास झणझणीत असती."

"असं म्हनला?"

"व्हय. पोटभर जेवला. मग वर गेला."

आत्यानं सूप बाजूला सारलं. 

"बरं," ती म्हणाली. "ऊठ आता. आन् परत ह्या घरात येऊ नगंस."

तो उठला. माझ्याकडं त्यानं पाहिलं, पण मी त्याला थांबवलं नाही. तो गेल्यावर आत्यानं दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. मी तिला धरून आत आणायला गेले, तर तिनं माझं मनगट घट्ट पकडलं.

"जेवला हुता म्हनं, म्हानंदा," ती म्हणाली. "उपाशी न्हवता."